दत्तप्रभूंचे श्वान आणि आपले दार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, आपल्या देवघरातील तसबिरीकडे आज जरा वेगळ्या नजरेने पाहूया. तीन शिरे, सहा हात, मागे गाय, डोक्यावर औदुंबराची सावली आणि पायाशी चार कुत्री. आपण रोज हात जोडतो, तेव्हा नजर मुखाकडे जाते, चरणांकडे जाते. चरणांजवळच्या कुत्र्यांकडे आपण पाहतो खरे, पण ‘ते चार वेद’ एवढे म्हणून पुढे जातो. गाय म्हणजे पृथ्वी, कुत्री म्हणजे वेद हा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि तो खराच आहे. पण वेदांसाठी प्रतीक निवडताना पूर्वसूरींनी हंस घेतला नाही, सिंह घेतला नाही, कुत्राच घेतला. ज्याला आपण यज्ञातून, स्वयंपाकघरातून, श्राद्धाच्या पानावरून हाकलतो, त्यालाच वेदांचे रूप म्हणून प्रभूंच्या पायाशी बसवले. यात आपल्यासाठी काही सांगणे असेलच की नाही?

हा विचार मनात यायला कारण घडले. आमच्या गुरुवारच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता गप्पा निघतात. त्यात गेल्या वर्षी एका ताईंनी सरळ विचारले, “काका, दत्ताच्या पायाशी कुत्री चालतात, मग आमच्या घरात का चालत नाहीत? सासूबाई म्हणतात, त्याला अंगणात पिंजरा करा. मुलं म्हणतात, तो आत झोपणार. मी मधल्या मध्ये.” लगेच दोन पक्ष पडले. प्रसादाचा शिरा संपला तरी वाद संपला नाही. मी काही शास्त्री नाही. बी.कॉम. झालो, बँकेत क्लार्क म्हणून चौतीस वर्षे काढली, खतावण्या लिहिल्या आणि निवृत्त झालो. पण दोन्ही बाजूंच्या नोंदी लिहिल्याशिवाय शिल्लक काढायची नाही, ही सवय हाताला लागलेली आहे. त्याच सवयीने या प्रश्नाकडे बघतो.

दोन्ही बाजूंच्या नोंदी

कुत्रा बाहेर हवा असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. घरात देव आहेत, सोवळे आहे, गुरुचरित्राचे पारायण बसते. कुत्रा बाहेर फिरून कशालाही तोंड लावतो आणि त्याच पायांनी आत येतो. केस गळतात, ते उष्टावणाच्या ताटापर्यंत जातात. घरात तान्हे मूल असते, कुणाला दमा असतो, म्हातारे माणूस रात्री उठते आणि वाटेत आडव्या पडलेल्या कुत्र्याला अडखळते. उतारवयात खुब्याचे हाड मोडले म्हणजे काय होते, हे ज्यांच्या घरात घडले त्यांना विचारा. शिवाय कुत्रा राखणीसाठी असतो, राखणदार दारातच शोभतो, हेही म्हणणे आहेच.

आत हवा असे म्हणणारे सांगतात, की तो घरातला एक झाला आहे. तो आपल्या पावलांचा आवाज ओळखतो, आपण आजारी पडलो तर खाणे सोडतो. अशा जिवाला संध्याकाळी सात वाजता ‘चल बाहेर’ म्हणून दार लावून घ्यायचे आणि आत बसून आपण भूतदयेवरचे प्रवचन ऐकायचे, हे कसे काय?

दोन्ही बाजू खऱ्या असतात तेव्हा बहुधा प्रश्नातच काहीतरी राहून गेलेले असते. मला वाटते, इथे ‘बाहेर’ या शब्दाचा अर्थच बदलला आहे आणि तो आपल्या ध्यानात आलेला नाही.

पूर्वीचे बाहेर आणि आताचे बाहेर

आमच्या लहानपणी कुत्रा घरात येत नसे, हे खरे. पण तेव्हा माणसे तरी घरात कुठे होती? आजोबा ओसरीवर, बायका मागच्या पडवीत निवडण-टिपण करीत, मुले अंगणात, गडी गोठ्यात. उन्हाळ्यात सगळे अंगणात अंथरुणे टाकून झोपत. कुत्रा ओसरीच्या पायरीशी पडलेला असे. त्याच्या गळ्यात बहुतेक वेळा काही नसे. ऊन आले की तो भिंतीच्या सावलीला सरके, पाऊस आला की गोठ्यात शिरे, कंटाळा आला की गावात चक्कर मारून येई. जेवणे झाली की त्याची भाकरी ठरलेली. म्हणजे ‘कुत्रा बाहेर’ याचा अर्थ ‘कुत्रा माणसांत’ असाच होता. धनगराचा कुत्राही उघड्यावरच असतो. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून तो मेंढरांच्या वाड्याभोवती रात्र काढतो. पण धनगरही तिथेच घोंगडी टाकून पडलेला असतो. दोघांचे आभाळ एकच.

आता बघा. बंगल्याला कंपाउंड, फाटकाला कुलूप. अंगणात फरशी. माणसे आत, खिडक्या बंद, पंखा किंवा एसी चालू, टीव्ही चालू. अंगणात दिवसभरात कोण जाते? दूधवाला आणि पेपरवाला. त्या रिकाम्या जागेत कोपऱ्यात पत्र्याचे केनेल, चार फूट साखळी आणि साखळीच्या टोकाला तो. जागेचे नाव जुनेच राहिले, ‘बाहेर’. पण पूर्वी तिथे घर होते, आता तिथे कुणीच नाही. ‘आमच्या वाड्यात कुत्रा बाहेरच असे’ म्हणून आजच्या साखळीचे समर्थन करणे म्हणजे जुन्या खात्याची शिल्लक नव्या खात्यात दाखवण्यासारखे आहे. ऑडिटर ते मान्य करणार नाही.

कुत्रा मुळात कळपातला प्राणी. त्याचा कळप म्हणजे आता आपण. त्याला गादी हवी, सोफा हवा असे काही नाही. त्याला कळप हवा. रात्रभर जो कुत्रा विनाकारण भुंकतो, दार ओरबाडतो, साखळी चावतो, त्याला आपण ‘वेडा’ म्हणतो. तो फक्त आपल्याला हाका मारीत असतो.

पुराणे काय सांगतात

महाभारत संपते तिथे कुत्रा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पांडव हिमालयाकडे निघाले, वाटेत एकेक जण पडला आणि धर्मराजाबरोबर शेवटी एक कुत्राच उरला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. हा आक्षेप नीट पाहा. हा सोवळ्याचाच आक्षेप आहे. इंद्राने पुढे असेही विचारले, की भाऊ आणि द्रौपदी यांना सोडून आलास, मग कुत्र्याचेच काय एवढे? धर्मराजाचे उत्तर असे, की ते मृत झाल्यावर मी पुढे आलो, जिवंत असताना सोडले नाही. जो भक्तीने माझ्यामागे आला त्याला टाकणे हे महापाप आहे. आणि मग तो कुत्रा साक्षात धर्म होता हे कळले. धर्मराजाने त्या कुत्र्याला ना उचलून घेतले होते, ना मखमलीवर बसवले होते. तो फक्त बरोबर चालत होता. प्रश्न होता तो दाराशी आल्यावर त्याला मागे ठेवायचे की नाही, एवढाच.

महाभारताच्या सुरुवातीलाही कुत्रा आहे, ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. राजा जनमेजय कुरुक्षेत्रात दीर्घ सत्र करीत होता. तिथे देवशुनी सरमेचा पोर आला. जनमेजयाच्या भावांनी त्याला मारून हाकलले. तो रडत आईकडे गेला. तिने विचारले, तू काही आगळीक केलीस का? तो म्हणाला, नाही, मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरमा तडक यज्ञमंडपात गेली आणि तिने जाब विचारला. कुणीही उत्तर दिले नाही. तेव्हा ती म्हणाली, निरपराध्याला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. राजा त्याने इतका हादरला की शांतीसाठी योग्य पुरोहित शोधीत हिंडला. ही सरमा म्हणजे ऋग्वेदातील तीच, जिने पणींनी पळवलेल्या गायींचा माग काढला.

मला ही कथा फार महत्त्वाची वाटते. महाभारत असे म्हणत नाही, की यज्ञात कुत्र्याला आत घ्यायलाच हवे होते. यज्ञाची शुद्धी राखण्यात दोष नव्हता. दोष होता तो शुद्धीच्या नावाखाली निरपराध जिवाला मारण्यात, आणि त्याहून मोठा दोष जाब विचारल्यावर गप्प बसण्यात. सोवळे पाळावे. पण सोवळे हा माझा माझ्यावरचा नियम आहे. त्याची किंमत मी मोजायची, कुत्र्याने नव्हे.

काशीत आद्य शंकराचार्यांच्या वाटेत चार कुत्री घेऊन एक चांडाळ आला आणि आचार्यांनी ‘बाजूला हो’ म्हटले, ही कथा कीर्तनात आपण ऐकतो. त्याने विचारले, बाजूला कुणाला व्हायला सांगता? या देहाला की आतल्या चैतन्याला? आचार्यांनी त्याला गुरू मानले. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्यांच्याकडे ज्ञानी समदृष्टीने पाहतात असे सांगितले आहे, त्या यादीतही कुत्रा आहे. आणि आपले नामदेवराय! कुत्र्याने पोळी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. पोळी गेली याचा राग येणे सोपे. तूप राहिले याची चुटपुट लागणे ही संतांची रीत.

पण उलट बाजूचीही एक नोंद

आता जे म्हणतात ‘आत म्हणजे प्रेम’, त्यांच्यासाठीही पुराणात एक पान राखून ठेवले आहे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी, वायू, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, कोळी असे सगळे त्यात आहेत. कुत्रा त्यात नाही, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. पण कपोत आहे. पिलांच्या मोहाने तो स्वतः जाळ्यात जाऊन पडला, त्याच्याकडून अवधूत शिकला की अतिस्नेह बरा नव्हे. त्याच भागवतात राजा भरताची कथा आहे. सगळे राज्य सोडून वनात गेला, नदीत वाहून जाणारे हरणाचे पाडस दयेने वाचवले आणि मग त्या पाडसातच इतका गुंतला की अंतकाळी तेच डोळ्यांपुढे राहिले. पुढचा जन्म हरणाचा आला.

भरताची दया चुकली असे भागवत म्हणत नाही. दया कधी मोह झाली ते त्याला कळले नाही, हे सांगणे आहे. आज आपण काय पाहतो? पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बर्फाळ मुलखातला दाट केसांचा हस्की. दिवसभर नवरा-बायको ऑफिसात. तो दहा-दहा तास बंद खोलीत. संध्याकाळी त्याला बूट घालून, वाढदिवसाची टोपी घालून फोटो. हा कुत्रा आत आहे, गादीवर आहे आणि तरी एकटा आहे. गुरांमागे पळण्यासाठी घडलेली, शिकारीसाठी घडलेली जात, आपला कारवान किंवा मुधोळ हाउंड घ्या, मोकळे धावायला मिळाले नाही तर त्याचे घर म्हणजे तुरुंगच. तेव्हा भिंतीच्या आत घेतले की पुण्य जमा झाले, असा हिशेब नाही. आपण त्याला त्याच्यासाठी आत घेतो की आपल्या करमणुकीसाठी, हे ज्याचे त्याने तपासावे.

शरीराचे आणि कायद्याचे म्हणणे

थोडे व्यवहाराचे बोलू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी तळपायाला तेवढ्या. बाकी उष्णता तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच घालवतो. आता जळगाव, अकोला, नागपूरकडचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पत्र्याच्या खोक्यातली हवा तापलेली असली, तर तो धापा टाकून टाकणार किती? पावसाळ्यात कोकणात, घाटमाथ्यावर ओल्या फरशीवर सतत बसून कातडी खराब होते, कोपरांना घट्टे पडतात. अंगणात गोचीड लागतात, त्यातून ताप येतो, वेळेवर कळले नाही तर जनावर जाते. आणि बाहेर एकट्या बसणाऱ्या कुत्र्याचे आजारपण कळते उशिरा, कारण त्याच्याकडे दिवसातून दोनदाच, वाडगे ठेवताना बघितले जाते.

१९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे. त्यातल्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर फार काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवण्याकडे दुर्लक्ष करणे, पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे, हे सगळे गुन्हे म्हणून लिहिले आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. साठच्या दशकात त्या पैशाला काही किंमत होती. आज त्या दंडापेक्षा साखळी महाग पडते. म्हणजे इथे कायद्याच्या धाकावर काही अवलंबून नाही. जे आहे ते आपल्या मनाच्या धाकावर.

कॉमर्सला आम्हाला १८७२ चा करार कायदा होता. त्यात बेलमेंट नावाचे प्रकरण. आपली वस्तू काही कारणाने दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तर घेणाऱ्याने तिची काळजी किती घ्यायची? कलम १५१ सांगते, साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी घेईल तेवढी. बँकेत सोने तारण घेताना हे कलम आम्हाला रोज जगावे लागे. दागिना कर्जदाराचा, पण तिजोरीत गेला की जबाबदारी आमची. ‘आम्ही तो व्हरांड्यात ठेवला होता’ हे उत्तर चालत नाही.

प्राणी ही वस्तू नाही हे मला समजते. पण भक्तिमार्गात आपण म्हणतो ना, की देह त्याचा, घर त्याचे, आपण सांभाळणारे? मग दारात आलेला जीवही त्याचीच ठेव. मालकाने हिशेब मागितला तर दाखवता येईल असे ठेवावे. आणि कसोटी तीच: या उन्हात, या पावसात, या अंधारात मी स्वतः, किंवा माझे म्हणून जे आहे ते, तिथे ठेवले असते का?

जुन्नरकडची गोष्ट

माझी चारेक वर्षे जुन्नर तालुक्यातल्या एका शाखेत गेली. उसाचा मुलूख. धरणे झाली, ऊस वाढला, आणि उसात बिबट्या राहू लागला. पिले उसातच होतात, उसातच वाढतात. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. या प्राण्याला उसाच्या कडेने सहज मिळणारे खाणे म्हणजे कुत्रे. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात अभ्यासकांनी तपासले तेव्हा बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा निघाला.

पीककर्जाच्या पाहणीला मी वस्त्यांवर जाई. एका वस्तीवर दारात नुसतीच साखळी पडलेली दिसली. घरातल्या म्हातारीला विचारले. ती म्हणाली, “भुकत व्हता, भुकत व्हता, मग गप झाला.” घरातली माणसे दार लावून आत बसली होती. त्यांनी तरी काय करावे? बिबट्यापुढे कोण जाईल? त्या रात्री त्या घरातल्या कुणाचाही दोष नव्हता. पण म्हातारी पुढे जे बोलली ते माझ्या मनातून गेले नाही. “सुटा असता तर पळाला असता. आमी बांधला व्हता.”

पुढल्या वेळी गेलो तेव्हा त्या वस्तीवर नवे पिलू होते. त्याला रात्री शेळ्यांबरोबर, आत, कडी लावून ठेवायला सुरुवात केली होती. देवघर नव्हते, सोवळे नव्हते, ‘आत की बाहेर’ असा वाद घालायला वेळही नव्हता. म्हातारीला एवढे कळले होते, की ज्याला बांधले त्याच्या पळण्याची जबाबदारी बांधणाऱ्याने घेतलेली असते. त्याची पळण्याची वाट मी बंद केली, तर आत येण्याची वाट मीच उघडी ठेवली पाहिजे. मला हे या सगळ्या प्रश्नाचे सार वाटते. बिबट्या सगळीकडे नसतो, पण ऊन, पाऊस, दिवाळीचे फटाके आणि एकटेपण सगळीकडे असते.

आमच्या घरची व्यवस्था

इतके लिहिल्यावर ‘तुमच्या घरी काय?’ असे कुणी विचारील, म्हणून सांगतो. मुलाला परगावी नोकरी लागली तेव्हा त्याचा मोती आमच्याकडे आला. घरात आई, वय अठ्ठ्याऐंशी. सौ.चे सोवळे कडक. तिघांनी बसून ठरवले. देवघर आणि स्वयंपाकघर याला उंबरा ओलांडायचा नाही. तो एका आठवड्यात शिकला, आम्हा माणसांना नियम पाळायला त्याहून जास्त वेळ लागतो. दिवसा दार उघडे, अंगणात आंब्याखाली लाकडी फळ्यांचे, जमिनीपासून वीतभर उंच घर, त्याला दार नाही. हवे तेव्हा आत बसतो, हवे तेव्हा बाहेर. रात्री मधल्या खोलीत, आईच्या पलंगापासून लांब, भिंतीकडेला त्याची चटई, आणि रात्रभर एक लहान दिवा, म्हणजे आई उठली तर अडखळायला नको. पारायणाच्या सप्ताहात तो पुढच्या खोलीत असतो आणि मी त्याच्याजवळ झोपतो.

सगळे गोड आहे असे नाही. सौ. त्याला हात लागला तर पूजेपूर्वी पुन्हा स्नान करते, थंडीतसुद्धा. केर दोनदा काढावा लागतो. तिला मी एकदा म्हटले, एवढा त्रास कशाला? ती म्हणाली, “सोवळं माझं आहे, आंघोळ मी करते. त्याला कशाला बाहेर काढू?” सरमेने जो जाब विचारला आणि ज्याला यज्ञमंडपात कुणी उत्तर दिले नाही, त्याचे उत्तर मला आमच्या न्हाणीघराच्या दारात मिळाले.

मग शिल्लक काय?

माझी शिल्लक मी मांडतो, तुमची तुम्ही काढा. ‘घर की केनेल’ याचे एकच उत्तर सर्वांना लागू नाही. शेतावरचा, मोकळा, माणसांत वावरणारा कुत्रा बाहेर सुखी असू शकतो. फ्लॅटमधला आत असून दुःखी असू शकतो. म्हणून जागा विचारू नका, तीन वेळा विचारा. भर दुपारी तो कुठे असतो? मुसळधार पावसात कुठे असतो? आणि रात्री, भ्याला तर, त्याला कुणाजवळ जाता येते? या तिन्हींना नीट उत्तर असेल तर केनेलला दोष नाही. केनेल ही त्याची विसाव्याची जागा असेल, दार उघडे असेल, तर ते घर. बाहेरून कडी असेल आणि ती उघडायला दिवसभरात कुणी फिरकत नसेल, तर ते गोदाम. आणि एकच कुत्रा असेल, त्याला दुसरी सोबत नसेल, तर निदान रात्री त्याला माणसाच्या छपराखाली घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काहीच जमणार नसेल तर पाळू नये. न पाळणे हाही धर्मच आहे. गृहस्थाला रोज भूतयज्ञ सांगितला आहे, त्यात कुत्र्याचाही घास आहे. तो दारातल्या भटक्या कुत्र्यालाही देता येतो, त्यासाठी पट्टा-साखळी लागत नाही. फक्त देताना भान असावे. लहान मुलांना अनोळखी कुत्र्याजवळ सोडू नये, आणि चावा झालाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. अंगारा नंतर लावा, आधी दवाखाना. रेबीज एकदा अंगात उमटला की औषध नाही. पाळलेल्यालाही दरवर्षी लस टोचून घ्यावीच.

दत्तजयंतीला पुष्कळ घरी प्रसादाचा पहिला घास कुत्र्यांना घालतात. चांगली रीत आहे. पण त्या शिऱ्यातले बेदाणे काढून द्या. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कांदाही त्याला बाधतो, चॉकलेट तर विषच. त्यापेक्षा साधी भाकरी दुधात कुस्करून थोडी द्यावी, बाजूला स्वच्छ पाण्याचे भांडे ठेवावे. श्रद्धेने दिलेल्या घासाने कुणाचा जीव जाऊ नये.

औदुंबराखाली बसलेल्या आपल्या प्रभूंना आत-बाहेर हा प्रश्नच नाही. झाडाला दार नसते. आपण गृहस्थ आहोत, आपल्याला दार आहे, कडी आहे, उंबरा आहे, सोवळे आहे. म्हणून तर प्रश्न आपल्याला पडतो आणि पडलाच पाहिजे. तसबिरीतल्या त्या चार कुत्र्यांच्या गळ्यात साखळी नाही. ती प्रभूंच्या मांडीवरही नाहीत, आणि दूर कुठे कोपऱ्यातही नाहीत. हाकेच्या अंतरावर, पायाशी, सावलीत आहेत. एवढे अंतर आपल्या घरात साधले तरी पुरे आहे.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!